मोड आहे का?

रे रोड स्टेशनातून बाहेर पडून दारूखान्याच्या वाटेला लागलं की पाच मिनिटांत माणूस बोलायचं सोडून देतो. बोलून उपयोग नसतो. कुठे टेम्पोतून पत्र्यांची चळत जमिनीवर आदळत असते, कुठे हातगाडीवरच्या लांब सळया रस्त्यावर शेपूट वाजवत चाललेल्या असतात, कुठे गॅसकटर निळ्या जिभेनं जाड प्लेट चाटत असतो. अँगल, चॅनेल, पाइप, गर्डर यांच्या या मुलखात गेल्या महिन्यात एका सकाळी मी हातात चार फुटांची एक गंजकी सळई धरून उभा होतो. आजूबाजूला टनांनी लोखंड आणि माझ्याकडे तीन किलोंची सळई. लग्नाच्या पंगतीत घरून डबा घेऊन बसल्यासारखं वाटत होतं.

सळईची हकीकत अशी. काळाचौकीची आमची चाळ पाडली तेव्हा ज्यानं त्यानं जमेल ते उचललं. कुणी देवघराचा कोनाडा काढून नेला, कुणी नावाची पाटी, कुणी शेजाऱ्याच्या नावाचीही पाटी. मी खिडकीची एक सळई घेतली. का घेतली, याला उत्तर नव्हतं. गेली तीन वर्षं ती नव्या घरात दाराआड उभी होती आणि दर दिवाळीला हिच्याकडून बोलणी खात होती. शेवटी हिनंच तिला नोकरी लावली. एकविसाव्या मजल्यावर गॅलरी नाही, तुळस ठेवायची कुठे? तर सळई काटकोनात वाकवून आणायची, खिडकीच्या चौकटीत पक्की करायची आणि तिच्यावर कुंडी टांगायची. ‘‘वाकवून आणा म्हणजे झालं,’’ ही म्हणाली. जणू कोथिंबीर आणायची होती.

तीन दुकानदारांनी सळईकडे आणि मग माझ्याकडे बघून हात हलवला. चौथ्या गाळ्यात एक पांढऱ्या दाढीचे चाचा लाकडी पेटीवर बसले होते. समोर भट्टी, ऐरण आणि जमिनीत रोवलेला एक जाडजूड शिकंजा. मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सुरुवात केली.

‘‘चाचा, ये सळई जरा वाकवनी है.’’

‘‘क्या करनी है?’’

मी हातानं काटकोन करून दाखवला.

‘‘अच्छा, मोड़नी है.’’

‘‘नहीं नहीं, मोडनी नहीं है!’’ मी सळई छातीशी धरली. ‘‘मोडेगी तो मेरे क्या काम की?’’

‘‘मोड़ेंगे नहीं तो कोना कैसे बनेगा?’’

‘‘मोडे बगैर बनाओ ना.’’

चाचांनी चहाचा पेला खाली ठेवला. चाळीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नसावं. हाताखालचा पोरगा तोंड फिरवून हसत होता. एवढ्यात शेजारी टेम्पो लावून उभा असलेला एक ड्रायव्हर मध्ये पडला. ‘‘काका, घाबरू नका. त्यांचं मोडणं म्हणजे आपलं वाकवणं. आपलं मोडणं म्हणजे त्यांचं तोडणं.’’

‘‘आणि आपलं तोडणं?’’

तो क्षणभर विचारात पडला. ‘‘ते त्यांचंही तोडणंच,’’ असं म्हणून टेम्पोत जाऊन बसला. एवढ्या सुटसुटीत भाषाशास्त्राला विद्यापीठात पगार मिळतो; इथे पार्किंगही फुकट नव्हतं.

चाचांनी सळई घेतली, भट्टीत सरकवली आणि मला स्टुलाकडे बोट केलं. लोखंड लाल व्हायला वेळ होता. मी बसलो आणि मोडत बसलो. म्हणजे, मोडणे या क्रियापदाचा विचार करत बसलो.

आधी जागेचंच बघा. 1885 ते 1890 या काळात लॉर्ड रे नावाचे गृहस्थ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. रस्त्याला त्यांचं नाव पडलं, पुढे 1910 मध्ये कुर्ल्याहून रेल्वे इथवर आली आणि स्टेशनालाही तेच नाव मिळालं. इंग्रजीत त्या नावात चार अक्षरं आहेत. मराठीनं ती दुमडून एकावर आणली, आणि तेही असं अक्षर, की जे आपण नोकराला, धाकट्या भावाला आणि विठोबाला हाक मारताना वापरतो. ‘काय रे’मधला रे. पुढचा गव्हर्नरी रस्ता ‘अगं रोड’ का नाही झाला, एवढंच आश्चर्य. हिंदीवाला म्हणेल, मराठीनं ते नाव मोडलं. आपण म्हणू, वळवलं. लॉर्डसाहेब काय म्हणाले असते, ते त्यांच्या वेळी कुणी विचारलं नाही.

मराठी माणसाच्या घरात वस्तू बिघडायच्या चार-पाच वेगळ्या रीती आहेत आणि त्या चुकवून चालत नाहीत. कप फुटतो, दोरा तुटतो, शर्ट फाटतो, खुर्ची मोडते, दूध नासतं. बटण तुटतं, पण बटणाची टाचणी मोडते. नारळ फुटतो, नारळाची दोरी तुटते, नारळ काढायला चढलेल्या माणसाचा पाय मोडतो. लहानपणी आम्ही ‘आई, कप मोडला’ असं म्हटलं असतं, तर कपाबद्दल एक आणि व्याकरणाबद्दल एक असे दोन धपाटे बसले असते. आमचा नातू मात्र ‘आजोबा, ग्लास तुटला’ म्हणतो. ग्लास तुटायला तो काय पतंगाचा मांजा आहे? पण आता धपाटे बंद झाले आहेत आणि त्यामुळे व्याकरणाची शिस्त कोण लावणार हा प्रश्न आहे.

या क्रियापदांमध्ये वेळेचाही फरक आहे. फुटणं एका क्षणाचं. 14 एप्रिल 1944 ला, इथून दक्षिणेला जवळच, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज फुटलं. पोटात दारूगोळा होता, कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. ते सोनं उडून दूरवर जाऊन पडलं. आमच्या आजीकडे ‘त्या दिवशी सोन्याचा पाऊस पडला’ ही गोष्ट होती. मात्र आमच्या छपरावर काही पडलं नाही, हेही ती दर वेळी शेवटी सांगायची. त्याच किनाऱ्यावर, दारूखान्याच्या बाजूला, जहाजं मोडली जातात. तिथे धमाका नसतो. भरतीच्या वेळी जहाज किनाऱ्याला आणून टेकवतात आणि महिनोन् महिने माणसं त्याला वरून खाली, तुकड्यातुकड्यानं कमी करत राहतात. फुटणं हा अपघात, तुटणं हे नशीब आणि मोडणं हा कारभार. मोडायला माणूस लागतो, अवजार लागतं, भाव ठरवावा लागतो.

‘‘बीड तो नहीं है ना?’’ चाचांनी मध्येच विचारलं. त्यांनी सळई बाहेर काढून हातोडीनं टोकाला एक ठोका दिला होता, आवाज ऐकला होता आणि आता माझ्याकडून कबुलीजबाब हवा होता. मी म्हटलं, चाळीच्या खिडकीची आहे. ‘‘फिर ठीक है. बीड होता तो टूट जाता.’’ सळई परत आगीत गेली.

हे मात्र मला पटकन समजलं, कारण आमच्या घरात बिडाचा तवा होता. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन भरपूर, शेकडा दोन ते चार. त्यामुळे ते कडक, ताठ, ओझं पेलायला उत्तम. जुन्या इमारतींचे खांब, जिन्याचे नक्षीचे कठडे त्याचेच. पण त्याला वाकणं माहीत नाही. वरून वजन द्या, शंभर वर्षं उभं राहील. आडवा ठोका द्या, दोन तुकडे. आमचा तवा मोरीत पडला आणि संपला. सळईच्या लोखंडात कार्बन नावापुरता, म्हणून ती वाकते.

आणि त्या स्टुलावर बसल्या बसल्या मला साक्षात्कार झाला, की ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे आपण ज्याला मराठी बाणा समजतो, ते धातुशास्त्राच्या दृष्टीनं बिडाच्या तव्याचं ब्रीदवाक्य आहे. शाळेच्या भिंतीवर ते लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं आणि त्याखाली मास्तर आम्हाला ओणवे उभे करायचे. त्यातून गंमत अशी, की हेच वाक्य चाचांना ऐकवलं तर त्यांना ते कसं ऐकू येईल? ‘मुड़ूंगा, पर झुकूंगा नहीं.’ म्हणजे वळेन पण वाकणार नाही. बाण्याचा सगळा ताठा एका नुक्त्यात गेला. शिवाय ते जास्त व्यवहारी वाक्य झालं. रे रोडच्या पुलाखालून टेम्पो काढायचा असेल, तर हेच उपयोगी.

पण मराठीत मोडण्याला वळवण्याचा अर्थ कधीच नव्हता, असं समजायचं कारण नाही. आपल्याच घरात पुरावा आहे. मोडी लिपी. परंपरा ती हेमाद्रीपंताच्या नावावर मांडते, ते असो. लिहिण्याची रीत मात्र ठाऊक आहे. कागदावर आधी सबंध ओळीभर रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली एकेक अक्षर लोंबकळवत पळायचं. पळताना बालबोध अक्षरांचे ताठ कणे ठेवून कसं चालेल? ते मोडले, म्हणजेच वळवले, गोलावले, एकमेकांत गुंतवले. अक्षर मोडलं म्हणून लिपी मोडी. राज्याचा सगळा हिशेब, सनदा, तंटे, उधाऱ्या त्या मोडलेल्या अक्षरांत झाल्या आणि आजही पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून ठेवल्या आहेत. ताठ अक्षरं पोथ्यांना शोभली. कारभार वाकलेल्यांनी केला. हे वाक्य फक्त लिपीबद्दल आहे, असं मी सांगून ठेवतो.

शरीरानंही हा जुना अर्थ जपला आहे. ताप येण्याआधी अंग मोडून येतं, तेव्हा एकही हाड मोडलेलं नसतं. माणूस मान मोडून काम करतो, म्हणजे मान खाली घालून करतो; वरिष्ठ मात्र मोडण्याचा आजचा अर्थ धरतात. लावणीत डोळे मोडतात, ते कुणी गोळा करायला जात नाही. आणि बोटं? बोटांइतका दुटप्पीपणा कुणी केला नाही. आमच्या समोरच्या खोलीतली एक काकू शेजारणीच्या नावानं दिवसभर बोटं मोडायची. संध्याकाळी त्याच शेजारणीचं बाळ पायरीवर दिसलं, की दोन्ही हात त्याच्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर टेकवायची आणि कडाकड बोटं मोडून दृष्ट काढायची. दहा बोटं तीच, आवाज तोच. एकदा शाप, एकदा माया. ऐकणाऱ्यानं वेळ बघून अर्थ घ्यायचा.

मोडणं नेहमी वाईटच, हा समज हिनंच पहिल्यांदा माझ्या डोक्यातून काढला. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला ही म्हणाली, ‘‘आज नव्या साडीची घडी मोडते.’’ मी म्हटलं, अगं, कशाला मोडतेस, एवढी छान घडी आहे. घडी मोडणं म्हणजे कोरी साडी पहिल्यांदा नेसणं, हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षांत हेही कळलं, की प्रेमाच्या नणंदेला किंवा मैत्रिणीला आपली कोरी साडी घडी मोडायला देतात आणि हा मोठा मान असतो. घडी ठेवून ठेवून कपाटात साडी घडीवरच विरते. मोडली तरच ती साडी, नाहीतर कापडाचा ठोकळा.

उपवासाचं उलट. उपवास ‘सोडतात’, तेव्हा पानात वरणभात, लोणचं, पापड असतो. उपवास ‘मोडतो’, तेव्हा हातात वडापाव असतो आणि तो आपण विसरून खाल्लेला असतो. सोडणं आणि मोडणं यात एका अक्षराचा आणि पुण्याच्या संपूर्ण साठ्याचा फरक आहे. तसंच लग्न मोडतं ते ठरलेलं, बाजार मोडतो तो भरलेला, झोपमोड होते ती लागलेल्या झोपेची. आधी काहीतरी नीट असावं लागतं. त्याशिवाय मोडायची सोय नाही. अपवाद एकच, हिरमोड. तो आठवड्यातून तीनदा होतो, पण त्यातला ‘हिर’ धडधाकट असताना मला अजून भेटलेला नाही.

चाचांनी आता सळई बाहेर ओढली. चार फुटांपैकी मधली वीतभर लांबी लाल झाली होती, तुळशीच्या लग्नातल्या चुडीसारखी. पोरानं ती शिकंज्यात आवळली, टोकावर पाइप चढवला आणि चाचांनी त्याला लोंबकळून एक सावकाश, अखंड जोर दिला. हिसका नाही, ठोका नाही. सळई वळली. बाहेरच्या अंगाला ती ताणली जात होती आणि आतल्या अंगाला चेपली जात होती. कोपऱ्यावरचा गंज पापुद्र्यांनी गळून खाली पडला. लोखंडातलं काहीही कमी झालं नाही, फक्त गंज गेला. चाळीत पन्नास वर्षं मी तिला धरून रस्ता बघितला होता, त्यामुळे गंजात थोडा मीही असणार.

ती पडलेली पूड बघताना मला सोनार आठवला. मोडण्याचं खरं शास्त्र सोनाराकडे आहे. बाई सोनं विकते असं म्हणत नाही, ती सोनं मोडते. सोनार दागिना घेतो, घासून कस बघतो, तोलतो आणि मग एक शब्द उच्चारतो: घट. लाख, डाग, मळ, वितळताना जाणारं, असं सगळं धरून एवढं कमी. बाई हुज्जत घालते, सोनार थोडा खाली येतो, पण घट शून्यावर येत नाही. जुन्याचं नवं करायचं तर मध्ये काहीतरी जाणारच, हे त्या तराजूनं आपल्याला शिकवलं आहे.

आमच्या घरी हा तराजू 1982 मध्ये आला. 18 जानेवारीला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात वडील. पहिल्या महिन्यात घरात उत्साह होता, तिसऱ्या महिन्यात उधारी, आणि पावसाळ्यात आईच्या पाटल्या मोडल्या. लालबागच्या त्या पेढीवर त्या दिवसांत बायका रांगेत बसलेल्या असत. एकमेकींकडे बघत नसत. आई परत आली तेव्हा मी विचारलं, पाटल्यांचं काय झालं? ‘‘घट सोनाराकडे राहिली, बाकीचे तांदूळ झाले,’’ ती म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली. संपांच्याही जाती असतात. संप मिटतो, तेव्हा पेढे वाटतात. संप फुटतो, तेव्हा काहीजण मागच्या दारानं कामावर जातात. तो संप मिटला असं रीतसर कुणी जाहीरच केलं नाही. तो मोडला. पुढे गिरण्याही मोडीत निघाल्या. माग किलोवर विकले गेले, काही चिमण्या उरल्या, आणि फिनिक्स मिलमध्ये जिथे सूत निघायचं तिथे आता लोक पाचशेची कॉफी पितात. गिरणीचं रूप बदललं, यात शंका नाही. घट किती धरली, हे मात्र त्या तराजूवर कुणी उच्चारलं नाही.

नोटेचंही तेच. आईचा सिद्धांत होता, की मोठी नोट मोडायची नाही. ‘‘मोडली की संपली.’’ मी शाळेत अंकगणित शिकलो होतो, म्हणून तिला समजावलं, की शंभराची नोट मोडून दहाच्या दहा घेतल्या तरी शंभरच. ती म्हणाली, ‘‘करून बघ.’’ करून बघितलं. संध्याकाळी सदुसष्ट होते. कुठल्या बँकेच्या पुस्तकात सापडणार नाही अशी ही घट आहे, पण प्रत्येक गृहिणीला ती ठाऊक असते. पूर्वी सुट्या पैशांना आपण ‘मोड’ म्हणायचो. ‘मोड आहे का?’ हा प्रश्न वाण्याकडे, पानवाल्याकडे, टांगेवाल्याकडे चालायचा. आता ‘सुटे’ म्हणतात, आणि हल्ली तेही नाही. चौकोनातल्या ठिपक्यांसमोर मोबाइल धरतात. न मोडता पैसा संपवायची सोय झाली.

मोडण्याचा सगळ्यात मोठा हिशेब याच दारूखान्यात झाला. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका. 1961 मध्ये नौदलात आली, 1971 च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून तिच्यावरच्या विमानांनी चितगाव, कॉक्स बाझारवर हल्ले चढवले, 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली. पुढे बरीच वर्षं ती संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती. आम्हीही रांग लावून मुलांना तिच्या डेकवर नेलं होतं. मुलांना तोफांपेक्षा आइस्क्रीमची टोपली कुठे आहे याची काळजी. मग ती सांभाळणं झेपेना. 2014 मध्ये ती लिलावात 60 कोटींच्या घरात विकली गेली, न्यायालयात दाद मागून झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी इथे तिचं मोडकाम सुरू झालं. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. हळहळणारे आम्ही सगळे, आणि तिच्या देखभालीसाठी वर्गणी काढा म्हटलं असतं तर सुटे नाहीत म्हणणारेही आम्हीच.

पण मोडणं म्हणजे संपणं, हा हिशेब विक्रांतलाही लागू पडला नाही. तिचं लोखंड विकत घेऊन बजाजनं 2016 मध्ये ‘व्ही’ नावाची मोटारसायकल काढली. पेट्रोलच्या टाकीत विक्रांतचा धातू आहे, ही तिची जाहिरात. लायन गेटजवळ तिच्याच धातूचं स्मारक उभं राहिलं. 2022 मध्ये कोचीत बांधलेली नवी विक्रांत नौदलात दाखल झाली. नाव जसंच्या तसं पुढे गेलं, त्याला घट नाही. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा ती मोटारसायकल चालवतो. ज्या जहाजानं बंगालचा उपसागर रोखला, त्याचा तुकडा रोज सकाळी भारतमाता थिएटरच्या नाक्यावर सिग्नल तोडतो. मोडत नाही, हे लक्षात घ्या. नियम मोडतो, सिग्नल तोडतो. टेम्पोवाल्याला हे विचारायचं राहिलंच.

‘‘हो गया?’’ मी चाचांना विचारलं. कारण कोपरा काटकोनाच्या पुढे गेला होता. मी आणलेला पुठ्ठ्याचा काटकोन लावून बघितला तर सळई आत झुकलेली.

‘‘थोड़ा ज़्यादा मोड़ना पड़ता है,’’ चाचा म्हणाले. ‘‘छोड़ेंगे तो वापस आएगा.’’

शिकंजा सैल केला आणि खरंच, सळई जराशी माघारी आली. बरोबर पुठ्ठ्याला लागून थांबली. थोडीशी जुनी सवय लोखंडात शिल्लक राहते आणि ती आधीच हिशेबात धरून मोडावं लागतं. आमचे मास्तर आमच्या खोडी मोडायचे, तेव्हा चार छड्यांच्या जागी सहा का मारायचे, याचा उलगडा साठ वर्षांनी झाला. त्यांनी तेव्हा धातूचं उदाहरण दिलं असतं तर आम्ही समजून घेतलं असतं. सहन नसतं केलं, पण समजून घेतलं असतं.

‘‘कितना हुआ?’’

‘‘पचास दे दो.’’

मी खिशात हात घातला. पाचशेची एकच नोट. मोबाइल घरी चार्जिंगला लावून आलो होतो. घाईत तोंडातून मराठीच निघालं. ‘‘मोड आहे का?’’

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात मोडून ठेवलेल्या माझ्या सळईकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी तिच्याकडे बोट केलं. आहे ना. एवढा सुंदर आहे.

पाचशेची शेवटी टपरीवर मोडली. चहावाला नुसते सुटे द्यायला तयार नव्हता म्हणून एक कटिंग, एक बनमस्का. एक कटिंग चाचांना, एक पोराला. टेम्पोवाला तिथेच होता. भाषाशास्त्राची फी म्हणून एक त्यालाही. मग परत जाऊन पन्नास चाचांना दिले आणि नव्या केबलच्या पुलाच्या सावलीतून सळई खांद्यावर घेऊन स्टेशनाकडे निघालो. एल आकाराची सळई घेऊन गर्दीत चालणाऱ्याला लोक कसे वाट देतात, ते अनुभवून बघण्यासारखं आहे.

घरी ही डब्यात मटकीला पाणी शिंपडत होती. फडक्यातून मोड वर आले होते, वाकडे, पांढरे, प्रत्येकाचा आकार चाचांच्या कोपऱ्यासारखा. एक वाटी भिजवली होती, आता अडीच झाली होती. मराठीतलं हे एकच मोडणं असं, ज्यात घट नाही, उलट वाढ आहे. सोनाराला दाखवायला हवं.

‘‘आणली वाकवून?’’

‘‘मोडून आणली,’’ मी म्हणालो.

तिनं सळई हातात घेतली, कोपरा निरखला, बोटानं चाचपला. ‘‘चांगली मोडली आहे,’’ ती म्हणाली, आणि खिडकीत धरून बघितली. आई खिडकीत उभी राहून जी सळई धरून वडिलांची वाट बघायची, तिच्यावर आता तुळस बसणार होती. मी काही बोलणार होतो, पण हिनं मागे न बघता विचारलं, ‘‘आणि पाचशे?’’

‘‘तेही मोडले.’’

‘‘म्हणजे संपले.’’

सोमवारची गोष्ट. चहा, बनमस्का, चाचा, तिकीट जाऊन खिशात तीनशे पासष्ट होते आणि मी तिला ते मोजून दाखवले. गुरुवारी मी पुन्हा मोजले. बावीस रुपये होते, त्यातलं एक नाणं चालत नाही असं वाणी म्हणतो. सळई मात्र अजून आहे. कुंडीच्या वजनानं रोज थोडी खाली येते आहे की काय, अशी शंका येऊन मी पुठ्ठ्याचा काटकोन लावून बघतो. अजून तरी बरोबर लागतो.